तंजावरचे मराठा राज्य (1676–1855): एका छोट्या देशाचा इतिहास, अर्थकारण आणि प्रेक्षणीय स्थळे

या पाठाची सुरुवात नकाशावरून करूया. तंजावर शहरातून उत्तरेला तिरुवैयारु गावाकडे निघालात तर जेमतेम तेरा किलोमीटरच्या रस्त्यात पाच पूल लागतात: वडवारु, वेण्णारु, वेट्टारु, कुडमुरुट्टी आणि शेवटी कावेरी. 'तिरु-ऐ-आरु' म्हणजे पवित्र पाच नद्या, आणि गावाच्या देवाचे नावही पंचनदीश्वर. मी अभियांत्रिकी महाविद्यालयात हायड्रॉलिक्स शिकवतो. या रस्त्याने विद्यार्थ्यांना नेतो तेव्हा पहिला प्रश्न ठरलेला असतो: एकाच नदीचे इतके फाटे कशाला? दुसरा प्रश्न महाराष्ट्रातून आलेला एखादा विद्यार्थी हमखास विचारतो, "सर, हे आपलं राज्य होतं ना?" पहिल्या प्रश्नाचे उत्तर नीट समजले की दुसऱ्याचे उत्तर वाटते तितके सोपे राहत नाही. म्हणून हा पाठ.

छोट्या देशांचा इतिहास शिकवताना आपण मोनॅको, लक्झेंबर्ग किंवा भूतान यांची उदाहरणे घेतो. आपल्याच देशात पावणेदोनशे वर्षे टिकलेले एक छोटे राज्य होते. त्याची राजभाषा मराठी होती आणि महाराष्ट्राच्या सीमेपासून ते शेकडो मैल दूर, तमिळ प्रदेशाच्या पोटात होते. इंग्रजी अमलातल्या तंजावर जिल्ह्याचे क्षेत्रफळ सुमारे 3,700 चौरस मैल होते. राज्याचा मुख्य भाग साधारण तेवढाच, म्हणजे आजच्या सातारा जिल्ह्यापेक्षा थोडा लहान आणि सायप्रस देशाएवढा. आज त्याच भूमीवर तंजावर, तिरुवारूर, नागपट्टिणम आणि मयिलाडुतुरै हे जिल्हे आहेत.

स्थापना

शहाजीराजे भोसले यांची जहागीर बंगळूरला होती. 1664 मध्ये त्यांचे निधन झाल्यावर तुकाबाईंपासून झालेले पुत्र व्यंकोजी (तंजावरच्या कागदांत एकोजी) ही जहागीर सांभाळत होते आणि विजापूरच्या आदिलशाहीची नोकरी करत होते. तंजावरला तेव्हा तेलुगू भाषक नायक राजघराणे राज्य करत होते. 1673 मध्ये मदुरैच्या नायकाने तंजावर घेतले आणि विजयराघव नायक लढाईत मारला गेला. त्याच्या एका वारसाला पुन्हा गादीवर बसवावे म्हणून विजापूरने एकोजींना पाठवले. त्यांनी काम तर केले, पण 1675-76 च्या सुमारास गादीवर स्वतःच बसले. मराठी पुस्तके या ठिकाणी फार घाईने पुढे जातात. राज्य घेण्याची ही रीत त्या काळात सर्रास होती, हे खरे. पण ती लपवून ठेवण्याचे कारण नाही.

1677 मध्ये दक्षिण दिग्विजयावर आलेले शिवाजी महाराज कोळ्ळिडम नदीच्या उत्तर तीरावरील तिरुमळवाडीस (आजचे तिरुमळपाडि) थांबले. हे ठिकाण तिरुवैयारुपासून जवळच आहे. तिथे दोघा भावांची भेट झाली. महाराजांनी वडिलांच्या संपत्तीचा अर्धा वाटा मागितला. बोलणी लांबली आणि एका रात्री एकोजी गुपचूप नदी ओलांडून तंजावरला परतले. महाराजांनी कोळ्ळिडमच्या उत्तरेकडचा मुलूख ताब्यात घेतला, पुढे वालिकोंडपुरमजवळ लढाईही झाली आणि अखेर तह झाला. या तहात एकोजींच्या पत्नी दीपाबाई यांचा मोठा वाटा होता. तंजावर एकोजींकडेच राहिले. तेव्हापासून ही शाखा वेगळी झाली. तंजावरकर पुढे रायगडचेही मांडलिक झाले नाहीत आणि साताऱ्याचेही.

म्हणून त्यांना 'स्वतंत्र' म्हणायचे का? नाणी त्यांची, सैन्य त्यांचे, न्याय त्यांचा. किनाऱ्यावरच्या परदेशी वखारींशी करारही तेच करत. तरंगमबाडीला डॅनिश 1620 पासून, नायकांच्या काळापासून होते. नागपट्टिणमला 1658 पासून डच होते. 1739 मध्ये कारैकल फ्रेंचांकडे गेले. एवढ्याशा किनाऱ्यावर युरोपातले इतके देश भाडेकरू म्हणून राहत होते! त्याच वेळी औरंगजेबाचा सेनापती झुल्फिकारखान दारात आला की त्याला खंडणी द्यावी लागे, आणि पुढे अर्काटच्या नवाबालाही. छोट्या राज्याचे स्वातंत्र्य बहुधा असेच असते. आत पूर्ण, बाहेर हप्त्याने.

पाणी आणि भात

आता माझ्या विषयाकडे वळतो. इथे थोडा जास्त वेळ घेतला तर राग मानू नका, कारण या राज्याचे सगळे अर्थकारण पाण्याच्या एका पातळीवर उभे होते.

तिरुचिरापळ्ळीच्या वर मुक्कोंबु येथे कावेरी दुभंगते. उत्तरेचा फाटा कोळ्ळिडम आणि दक्षिणेचा कावेरी. मधले बेट श्रीरंगम. कोळ्ळिडमचे पात्र जास्त सरळ, उताराचे आणि खोलगट आहे. बेटाच्या पूर्व टोकाला दोन्ही प्रवाह पुन्हा जवळ येतात, आणि तिथे अडवले नाही तर कावेरीचे पाणी कोळ्ळिडममध्ये उतरून सरळ समुद्राला मिळते. तसे झाले की तंजावरच्या शेतात पाणी नाही. हे पाणी अडवणारा बंधारा म्हणजे कल्लणै, दगडी बांध. परंपरेने तो करिकाल चोळाचा, म्हणजे दीड हजार वर्षांहून जुना. सुमारे 329 मीटर लांबीचा हा बांध नदीला आडवा उभा राहून पाणी साठवत नाही. तो पाण्याला फक्त वाट दाखवतो. पुढे कावेरी पंख्यासारखी फुटत जाते आणि त्या पंख्यातल्या पाच काड्या म्हणजे तिरुवैयारुच्या रस्त्यावरचे पाच पूल. इथली जमीन इतकी सपाट आहे की पाणी लांबवर न्यायचे तर प्रवाह वाटून घेण्यावाचून इलाज नाही. पहिल्या प्रश्नाचे उत्तर हे.

राजकारणाच्या दृष्टीने खरी गोम वेगळी होती. कल्लणै आणि त्यावरचा नदीकाठ तिरुचिरापळ्ळीच्या बाजूला होता आणि तिरुचिरापळ्ळी नवाबाच्या ताब्यात. म्हणजे राज्याचे पोट तंजावरात आणि घसा दुसऱ्याच्या हातात. 1764 च्या सुमारास काठाच्या दुरुस्तीवरून मोठा तंटा उभा राहिला. तंजावरचे म्हणणे, काठ दरवर्षी आम्हीच दुरुस्त करत आलो. नवाब महंमद अलीचे म्हणणे, जमीन माझी, परवानगीही माझीच. अखेर मद्रासच्या इंग्रजांनी मध्यस्थी केली. मातीच्या बांधावर माती टाकण्यासाठी ज्या राज्याला तिसऱ्याकडे जावे लागते, त्याचे पुढे काय होणार हे त्याच वर्षी कळले असते. वरच्या अंगाला कोण बसले आहे हा प्रश्न कावेरीला आजही सुटलेला नाही. मेट्टूरचे दरवाजे 12 जूनला उघडणार का, याकडे दरवर्षी हा सगळा मुलूख डोळे लावून असतो.

पाणी आले की भात. जमीन 'वेली'त मोजत (एक वेली म्हणजे साधारण पावणेसात एकर), धान्य 'कलम' या मापाने आणि पैसा 'चक्रम' व 'पणम'मध्ये. सारा मुख्यतः पिकाच्या वाट्यात घेतला जाई. जमिनीचा हक्क मिरासदारांकडे होता. त्यांत ब्राह्मण आणि वेळ्ळाळ पुष्कळ. गुडघाभर चिखलात उभे राहून रोपे लावणारे मात्र पळ्ळर आणि परैयर जातींतले 'पण्णैयाळ', म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या मालकाच्या जमिनीला बांधलेले मजूर. राजवाड्यातल्या नाटकांचा, अग्रहारांचा आणि ग्रंथालयाचा खर्च अखेर त्यांच्याच पाठीवर होता. तंजावरच्या वैभवावर लिहिताना हे वाक्य बहुतेक वेळा गळते.

भाताशिवाय किनाऱ्यावरचा व्यापार, विणकाम, स्वामिमलैचे ओतकाम आणि फणसाच्या लाकडाची वीणा यांवरही लोक पोट भरत. रामेश्वरच्या यात्रेचा रस्ता याच राज्यातून जात असल्याने राजांनी आणि राण्यांनी वाटेवर 'छत्रम' बांधले. या धर्मशाळांत उतारू लोकांना जेवण मिळे आणि काही ठिकाणी पाठशाळा व औषधोपचारही असत. ओरत्तनाडूचे मुक्तांबाळ छत्रम त्यांतले सर्वांत प्रसिद्ध. उत्तरेतून आलेला यात्रेकरू तिथे राही, खाई आणि राज्याचे नाव काशीपर्यंत नेई. आज आपण पर्यटन म्हणतो त्याचाच हा एक प्रकार, फक्त पाहुण्याकडून पैसे न घेता.

पेचात सापडलेले राज्य

अठराव्या शतकाचा हिशेब थोडक्यात सांगतो. एकोजींनंतर शाहराजे (1684–1712), पहिले सरफोजी (1712–1728) आणि पहिले तुळजाजी (1728–1736) हे तिघे भाऊ एकामागून एक गादीवर आले. ही राजवट स्थिर होती. शाहराजांनी तिरुविशनल्लूर हे गाव पंडितांना अग्रहार म्हणून दिले आणि स्वतः मराठीत नाटके लिहिली. विष्णुदास भाव्यांचे 'सीतास्वयंवर' सांगलीत 1843 मध्ये झाले. तंजावरची मराठी नाटके त्याच्या सुमारे दीडशे वर्षे आधीची आहेत. मराठी रंगभूमीचा इतिहास शिकवताना ही गोष्ट तळटीपेत ढकलली जाते, याचे मला नेहमी आश्चर्य वाटते.

1736 नंतर तीन वर्षांत गादीवर माणसे भराभर बदलली आणि 1739 मध्ये प्रतापसिंह आले. त्यांच्या काळात इंग्रज आणि फ्रेंच दोघेही मैदानात उतरले. 1749 चा देवीकोट्टैचा प्रसंग नमुन्यादाखल पाहा. पदच्युत सयाजीला गादी मिळवून देतो म्हणून इंग्रज आले. कोळ्ळिडमच्या मुखाजवळचा देवीकोट्टैचा किल्ला त्यांनी जिंकला; तरुण रॉबर्ट क्लाइव्ह या मोहिमेत होता. मग त्यांनी प्रतापसिंहाशीच तह केला: किल्ला आम्हाला द्या, सयाजीला पेन्शन द्या आणि विषय संपवा. ज्याच्यासाठी लढाई झाली त्याला फक्त पेन्शन मिळाली. 1758 मध्ये फ्रेंच सेनापती लाली 56 लाखांचा जुना रोखा पुढे करून तंजावरच्या तटाखाली बसला, पण दारूगोळा संपत आल्यावर त्याला मागे फिरावे लागले.

1762 च्या तहाने नवाबाला वर्षाला चार लाख रुपये खंडणी आणि बावीस लाखांची थकबाकी ठरली. तहाला जामीन इंग्रज. पुढे दुसऱ्या तुळजाजींनी रामनाडवर स्वारी केली आणि नवाबाला निमित्त मिळाले. 1773 मध्ये त्याने इंग्रजी फौजेच्या जोरावर तंजावर गिळले. गंमत अशी की नवाब स्वतःच मद्रासच्या इंग्रज सावकारांच्या कर्जात बुडालेला होता. त्याने तंजावरचे पीक त्या सावकारांकडे तारण लावले. लंडनच्या आदेशावरून गव्हर्नर पिगट यांनी 1776 मध्ये राज्य तुळजाजींना परत दिले, तेव्हा पॉल बेनफिल्ड नावाच्या सावकाराने आपला दावा पुढे केला. वाद इतका चिघळला की मद्रास कौन्सिलमधल्या विरोधकांनी आपल्याच गव्हर्नरला ऑगस्ट 1776 मध्ये कैद केले आणि पुढच्या वर्षी ते कैदेतच वारले. कावेरीकाठच्या भाताच्या पिकापायी इंग्रजांचा गव्हर्नर कैद झाला! छोट्या देशाची मोठी किंमत ती हीच.

1781 मध्ये हैदरअलीच्या स्वारीने उरलेसुरले मोडले. गावे ओस पडली, कालवे बुजले. मुलूख सावरायला बरीच वर्षे लागली.

किल्ल्याएवढे राज्य

तुळजाजींनी मृत्यूपूर्वी, 1787 मध्ये, सरफोजींना दत्तक घेतले होते. पण दत्तकविधान अशास्त्रीय ठरवून आधी अमरसिंहांना गादी मिळाली. दहा वर्षांनी तेच दत्तकविधान शास्त्रीय ठरले आणि 1798 मध्ये दुसरे सरफोजी राजे झाले. मुलाचा सांभाळ करणारे जर्मन पाद्री श्वार्त्झ यांनी त्यांच्यासाठी खटपट केली होती. गादीची किंमत पुढच्याच वर्षी चुकवावी लागली. 25 ऑक्टोबर 1799 च्या तहाने सगळा राज्यकारभार कंपनीकडे गेला. राजाला किल्ला, वर्षाला एक लाख होन आणि निव्वळ उत्पन्नाचा पाचवा हिस्सा.

हा या पाठातला सर्वांत लहान देश: एक किल्ला. आणि याच देशात सर्वांत जास्त काम झाले. सरफोजींनी सरस्वती महाल ग्रंथालय वाढवले. 1820 ते 1822 या काशीयात्रेतूनही ते ग्रंथ घेऊन आले. धन्वंतरी महालात औषधांचे प्रयोग चालत. तिथल्या नेत्ररुग्णांच्या नोंदी डोळ्यांच्या रंगीत चित्रांसह आजही जपलेल्या आहेत. किल्ल्यात देवनागरी खिळ्यांचा छापखाना चालला आणि त्यात इसापच्या गोष्टींचे मराठी भाषांतर 'बालबोधमुक्तावली' छापले गेले. पुण्यात तेव्हा अजून दुसरा बाजीराव पेशवा होता. छत्रम मात्र आपल्याकडेच राहावेत म्हणून राजांनी 1801 मध्ये कंपनीकडे लेखी आग्रह धरला. राज्य गेले तरी जेवण घालण्याचा हक्क जाऊ नये, असा तो आग्रह होता.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. 1804 मध्ये कल्लणैची डागडुजी झाली आणि 1836 मध्ये आर्थर कॉटन यांनी मुक्कोंबुला कोळ्ळिडमवर बंधारा घालायला घेतला. त्यानंतर तंजावरचे पाणी निश्चिंत झाले. मोकळ्या वाळूत पाया कसा घालायचा हे आपण जुन्या कल्लणैवरूनच शिकलो, असे कॉटन यांनी मान्य केले आहे. मदुरै, तिरुचिरापळ्ळी आणि तंजावर एका हाताखाली आले तेव्हाच नदीचा प्रश्न एकत्र सोडवता आला. स्वतंत्र तंजावरला तो कधीच सोडवता आला नसता. मला हे लिहायला आवडत नाही, पण उतार कुणाच्या आवडीनिवडी पाहत नाही.

29 ऑक्टोबर 1855 रोजी दुसरे शिवाजी पुत्र नसताना वारले. कंपनीने राज्य तर खालसा केलेच, शिवाय राजाची खासगी मालमत्ताही मोहरबंद केली. राणी कामाक्षीबाई कोर्टात गेल्या. मद्रासच्या सुप्रीम कोर्टात त्या जिंकल्या. पण 1859 मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने तो निकाल फिरवला: ही जप्ती एका सत्तेने दुसऱ्या सत्तेविरुद्ध केलेली राज्यकृती आहे, ती न्याय्य होती की नाही हे कोणतेही न्यायालय तपासू शकत नाही. कायद्याच्या विद्यार्थ्यांना हा खटला आजही शिकवतात. त्यातला पेच पाहा. साठ वर्षे ज्या राजाला किल्ल्याबाहेर अधिकार नव्हता, त्याचे घर लुटताना मात्र तो स्वतंत्र सत्ताधीश ठरला. पुढे खासगी मालमत्ता कुटुंबाला परत मिळाली.

काय पाहाल

बृहदीश्वर मंदिर सगळेच पाहतात. ते राजराज चोळाचे, 1010 सालचे; मराठ्यांचे नव्हे. तिथल्या माहितगारांनी काही सांगितले तरी हे लक्षात ठेवा. मराठ्यांचे आहे ते प्राकाराच्या भिंतीवर: 1803 मध्ये सरफोजींनी कोरवलेला भोसले घराण्याचा मराठी इतिहास. तो भारतातल्या अतिदीर्घ शिलालेखांपैकी एक आहे. अक्षर देवनागरी असल्याने तुम्हाला तो स्वतः वाचता येईल, हळूहळू का होईना.

राजवाड्यात नायकांचे मनोरे, मराठ्यांचा दरबार आणि सरफोजींचा संगमरवरी पुतळा आहे. पुतळा लंडनच्या फ्लॅक्समनने घडवला. त्याचेच दुसरे शिल्प शिवगंगा तलावाजवळच्या श्वार्त्झ चर्चमध्ये आहे: मरणशय्येवरचे पाद्री आणि शेजारी राजा. सरस्वती महालाच्या संग्रहालयात निवडक पोथ्या मांडलेल्या असतात. आत तीन हजारांच्या आसपास मराठी हस्तलिखिते आणि मोडी कागदांचे शेकडो गठ्ठे आहेत. मोडी वाचू शकणाऱ्या विद्यार्थ्याला तिथे आयुष्यभर पुरेल एवढे काम आहे. हौस असेल तर समुद्रकाठी मनोऱ्यापर्यंत जा. 'मनोरा' हेच तिथले नाव. नेपोलियनचा पराभव साजरा करण्यासाठी सरफोजींनी बांधलेला हा षट्कोनी बुरूज आहे. जिंकलेल्याचा विजय हरलेल्याने साजरा करावा, हे पाहून मला हसावे की काय ते कळले नाही. (सांबार हे नाव संभाजीराजांवरून पडले, अशी गोष्टही वाटेत कुणीतरी सांगेल. ऐकून घ्या, परीक्षेत लिहू नका.)

शेवटी तिरुवैयारु. दुसऱ्या तुळजाजींच्या आश्रयाने त्यागराजांचे वडील इथे राहिले, अशी परंपरा आहे. त्यागराज (1767–1847) मात्र सरफोजींच्या दरबारात गेले नाहीत. धनाचे निमंत्रण त्यांनी नाकारले, ही कथा इथले प्रत्येक मूल सांगते. ते गात तेलुगूत, गाव तमिळ, राजा मराठी. "हे आपलं राज्य होतं ना?" या प्रश्नावर मी विद्यार्थ्यांना कावेरीच्या घाटावर, त्यांच्या समाधीपाशी आणतो. पुष्य वद्य पंचमीला आराधना असते आणि शेकडो गायक एकत्र गातात. हरिकथा सांगणारेही येतात. त्यांच्या कलेत मराठी कीर्तनाचा साज आहे. तो एकोणिसाव्या शतकात मोरगावकर रामचंद्रबुवांसारख्या कीर्तनकारांकडून आला. जानेवारीत जाणार असाल तर राहण्याची सोय तंजावरला करा आणि सकाळी लवकर निघा. पाच पूल मोजत या, आणि कोणत्या पुलाखाली पाणी आहे ते वहीत लिहून ठेवा. पुढच्या पाठात कावेरी खोऱ्यातील सिंचन आहे, तेव्हा ती नोंद लागेल.